मातीला उपाशी ठेवायचं नाही

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी उभा राहून दुधीची सालं काढत होतो. "काका, आई गेली..." एवढंच प्रज्ञा म्हणाली. मग तीच म्हणाली, "तुम्ही या." मी हो म्हटलं, फोन ठेवला, आणि खरं सांगू? राहिलेली सालं काढली, चटणीसाठी वाटीत ठेवली, दुधी झाकला आणि मगच शर्ट चढवला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. "अहो, हे काय करताय तुम्ही?" आता काय सांगणार तिला? सुनंदा वहिनीची बातमी ऐकून हातातली सालं तशीच भिरकावून धावत सुटणं, हे दुसऱ्या कुणाला नाही तरी वहिनीला नक्की आवडलं नसतं.

सुनंदा वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. मी कोकणातून येऊन खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक म्हणून लागलो तेव्हा मला मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. राहायला होतो वर्तकनगरात, दादाच्या तळमजल्याच्या खोलीत. वहिनी मला अहोजाहो करायची, भावोजी म्हणायची, आणि मी तिला सरळ अगंतुगं. दादा म्हणायचा, "या घरात मान फक्त धाकट्याला आहे." पहिल्याच दिवशी मी केळं खाल्लं आणि साल हातात घेऊन कचऱ्याचा डबा शोधायला लागलो. ओट्याखाली नाही, मोरीत नाही, दारामागे नाही. "वहिनी, कचऱ्याचा डबा कुठाय गं?" "नाही आपल्याकडे." "मग हे फेकू कुठे?" "का फेकायचंय?" मला वाटलं, गावाकडचा दीर बघून थट्टा करतेय. म्हटलं, "बरं, बाहेर टाकून येतो." त्यावर ती अगदी साधेपणाने म्हणाली, "बाहेर म्हणजे कुठे, भावोजी? तिथेही कुणी ना कुणी राहतंच की." मी आपला साल धरून उभा. शेवटी तिनेच ते माझ्या हातातून काढून घेतलं.

तिचा स्वयंपाक एकदम साधा. भात, आमटी, एक भाजी, कधी सुकट. पण त्या साध्या स्वयंपाकातून ती जे काय काय उभं करायची, ते बघून तोंडात बोटं घालायची वेळ यायची. दोडक्याच्या शिरा निघाल्या की तीळ घालून चटणी. कोथिंबिरीच्या काड्या आमटीत. कलिंगड खाऊन झालं की लाल आणि हिरव्याच्या मधला पांढरा भाग किसून त्याची थालीपिठं. फ्लॉवरचा कोवळा पाला लसणीवर परतून. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. डेपोत माझा डबा उघडला की पोरं विचारायची, "वश्या, आज काय?" मी म्हणायचो, "कलिंगडाची सालं." पोटं धरून हसायची, आणि हसता हसता डबा चाटूनपुसून साफ करायची. आणि घर? एका खोलीचं घर ते, पण बघत राहावं असं. जुन्या साड्यांचे पडदे, उरलेल्या काठांचं तोरण, आणि खिडकीत पाण्याच्या बाटलीत एक रताळं. कोंब फुटलेलं रताळं कुणी शोभेला ठेवतं का हो? तिने ठेवलं. त्याचा वेल खिडकीवरून फळीवर गेला, फळीवरून दाराच्या चौकटीवर, आणि तिथून तथागतांच्या तसबिरीला वळसा घालून थेट पंख्याच्या बटणापर्यंत. पाहुणे आधी वेलाकडे बघायचे आणि मग आमच्याकडे.

जे खाता येत नाही, शिवता येत नाही, भांडी घासायलाही उपयोगी नाही, ते खोलीच्या मागे जायचं. मागे कुंपणाच्या भिंतीपर्यंत एक पट्टा होता. इमारत बांधताना उरलेला राडारोडा, विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं. तिथे गवतसुद्धा उगवायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून वहिनी त्या डेब्रिजवर सालं घालत होती. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, कॉलनीतल्या झाडांची सुकी पानं. एरवी वर मान करून न बोलणारी बाई, पण कुणी पानांना काडी लावायला निघाला की पदर खोचून हजर! आणि बघता बघता त्या राड्याची माती झाली. काळीभोर, भुसभुशीत. मुठीत दाबली की लाडू वळायचा आणि बोट लावलं की मोकळी व्हायची. मी लोखंडाचा माणूस. लोखंड गंजतं, झिजतं, मोडीत जातं, एवढंच मला ठाऊक. इथे टाकलेल्या गोष्टीतून जिवंत काहीतरी तयार होताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि अजूनही मला ते नीट खरं वाटत नाही. प्रज्ञाच्या नामकरणाला सोललेल्या मटाराची टरफलं, माझ्या हळदीला चिरलेल्या कांद्यांची सालं, दादाच्या शेवटच्या आजारपणातल्या मोसंब्यांच्या साली... घरातलं एकूण एक सुखदुःख तिने तिथे नेऊन घातलं, आणि त्यातून अळू आलं, शेवगा आला, ते तिने आम्हालाच परत वाढलं. शेजारणी विरजण मागायला याव्यात तशा तिच्याकडे ओंजळभर माती मागायला यायच्या.

मग इमारत पाडून टॉवर बांधायचं ठरलं. मीटिंगला बिल्डरचा माणूस भिंतीवर रंगीत चित्रं दाखवत होता. लिफ्ट, जिम, पोडियम गार्डन. दादा तोवर गेलेला, म्हणून वहिनीसोबत मी गेलेलो. सगळ्यांचे प्रश्न संपल्यावर तिने हात वर केला. "आमच्या मागची माती कुठे जाणार?" सगळे हसले. तो म्हणाला, "मावशी, पाया खणताना सगळं डंपरमध्ये भरून जाणार." "कुठे?" "बाहेर." मी वहिनीकडे बघितलं. मला वाटलं, आता ऐकवते त्याला. पण ती गप्प बसली. ती अशी गप्प बसली म्हणजे तिचं काहीतरी ठरलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई घमेलं आणि फावडं घेऊन मागे. मला बोलावलं, सिमेंटच्या गोण्या धुऊन वाळवल्या, तांदळाच्या पिशव्या गोळा केल्या. बिऱ्हाडं हलायला लागली होती. कुणी कल्याणला भाड्याने, कुणी कळव्याला, कुणी डोंबिवलीत माझ्या शेजारच्या गल्लीत. निघणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात वहिनीने मातीची एकेक पिशवी ठेवली. "टॉवर झाला की परत आणा. तोवर रोज थोडं खायला घाला. मातीला उपाशी ठेवायचं नाही." वरच्या मजल्यावरच्या मोहितेबाई, तिची जुनी मैत्रीण, म्हणाल्या, "अगं सुनंदा, कल्याणच्या त्या खोलीला गॅलरीसुद्धा नाही." "मग खिडकीत ठेव." "लोक हसतील." "हसू देत. हसण्याने थोडीच मरणार आहे ती." मलाही एक पिशवी मिळाली. मी विचारलं, "वहिनी, मी आता दिरावरून मातीचा हवालदार झालो का?" तर म्हणाली, "आधी तिला जगवून दाखवा, मग हुद्दा देते."

स्वतःची पिशवी घेऊन वहिनी बाळकुमला लेकीकडे राहायला गेली. प्रज्ञाचं घर मासिकात छापावं असं. पांढरे पडदे, पांढरा सोफा, बाल्कनीत प्लास्टिकचं हिरवं गवत. त्या खोट्या गवतावर वहिनीचा निळा ड्रम आला. मी म्हटलं, आता मायलेकींची जुंपते. तर नाही. प्रज्ञाने नाक मुरडलं, पण ड्रमला पडद्यांच्या कापडाचा झगा तिनेच शिवला. आई आंघोळीला गेली की हळूच झाकण उचलून बघायची. मी एकदा पकडलं तर म्हणाली, "काही नाही काका, माश्या आहेत का ते बघत होते." माश्या कसल्या... पोरीचा आईवर भारी जीव.

वहिनी आजारी पडली ते एकदम. हॉस्पिटलात मी तिला शेवटचं भेटलो तेव्हा नाकात नळी होती, आवाज जेमतेम. वाटलं, दुखण्याचं काही सांगेल. तर म्हणते, "भावोजी, मातीचं काय?" मी प्रज्ञाकडे बघितलं. "मस्त आहे आई. तुझी वाट बघतेय," प्रज्ञा म्हणाली. वहिनीचा चेहरा असा काही उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. "टॉवर होईल तेव्हा होईल," ती म्हणाली, "तोवर तिला जगवा म्हणजे झालं." त्यानंतर तिने माझ्याशी बोललेलं काहीच मला आठवत नाही. बहुतेक बोललीच नाही.

सगळं आटोपल्यावर दोन दिवसांनी मी बाळकुमला गेलो. गेलेल्या माणसासाठी वंदना घेतात त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आईच्या नावाने तिच्याच मातीत एक रोप लावायचं, असं प्रज्ञाने ठरवलं होतं. बाल्कनीत गेलो तर ड्रम रिकामा. मी विचारण्याआधीच ती म्हणाली, "आत आहे काका. जपून ठेवलीय." स्टुलावर चढून तिने माळ्यावरून एक गठ्ठा काढला. प्लास्टिक, त्यावर प्लास्टिक, त्यावर चिकटपट्टी. "आई हॉस्पिटलात गेली आणि चिलटं व्हायला लागली. मला भीती वाटली, आईची माती माझ्या हातून नासेल. म्हणून मी ती कडक उन्हात वाळवली, चाळून घेतली आणि पॅक केली." उघडलं, तर डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला. लग्नातला शालू ठेवताना घालतात ना, तशा पोरीने मातीत डांबराच्या गोळ्या घातल्या होत्या. कसर लागू नये म्हणून! मी मूठ भरली. करडी भुकटी बोटांतून गळून गेली. लाडू नाही, ओल नाही, वास नाही. माझं तोंड बघून तिला कळलं. "मेली का काका?" मी उरलेली भुकटी परत प्लास्टिकवर ठेवली. "मी आईशी खोटं नाही बोलले हो," ती रडायला लागली. "मला खरंच वाटत होतं, ती मस्त आहे. आईने एवढंच मागितलं होतं माझ्याकडे."

 तिला म्हटलं, "रडू नकोस. माझ्याकडे आहे, मी आणतो." पण माझ्याकडे असून असून किती, बादलीभर. त्या रात्री मी मोहितेबाईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही ड्रम तेवढा धुऊन ठेवा."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळपासून लिफ्टमधून माणसं उतरायला लागली. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट. एका हातात फुलं आणि दुसऱ्या हातात... कुणाकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, कुणाकडे दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, एकाने तर जुन्या कुकरात आणलेली. मोहितेबाई कल्याणहून रिक्षाने आल्या, मांडीवर घमेलं घेऊन. "रिक्षावाला विचारतो, आजी, सोनंबिनं आहे का काय? मी म्हटलं, बाबा, तू खड्डे चुकव." एक जोडपं रिकाम्या हाताने आलं आणि दारातच घुटमळलं. "आमची टिकली नाही गं प्रज्ञा." प्रज्ञाने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "माझीही नाही टिकली." वंदना झाली, आणि मग एकेकाने पुढे येऊन आपापली माती ड्रममध्ये ओतली. मी बाजूला उभा राहून बघत होतो. बाप रे, वहिनीने दिली होती त्याच्या कितीतरी जास्त परत आली! कल्याणच्या खिडकीतली, कळव्याच्या जिन्यातली, सगळीकडे रोज खाऊन वाढलेली. ड्रम गळ्यापर्यंत भरला. प्रज्ञा आपला गठ्ठा लपवायला बघत होती, तो मोहितेबाईंनी मागून घेतला. गोळ्या वेचून बाजूला काढल्या, भुकटी ड्रममध्ये रिकामी केली आणि म्हणाल्या, "ही पण राहू दे. बाकीच्यांच्यात बसली की उठेल." त्या दिवशीच्या जेवणाची बटाट्याची, दुधीची सालंही त्यातच गेली. रोप नंतर लावू, असं ठरलं.

परवा सकाळी प्रज्ञाचा फोन. आवाज पार घाबरलेला. "काका, ड्रम गरम लागतोय. आतून वाफ येतेय. पुन्हा माझ्याच हातून काहीतरी बिघडलं. तुम्ही लगेच या." मी तसाच बाळकुमला निघालो. बाल्कनीत गेलो, बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात खाली घातला. जन्मभर इंजिनांना हात लावून मी ताप ओळखलाय. हा बिघाडाचा ताप नव्हता. सालं कुजत होती आणि माती कामाला लागली होती. "बिघडलं नाही गं वेडे," मी म्हटलं, "जेवलीय ती. पचतंय तिला." प्रज्ञाला पटेना. मग मी तिचा हात धरला आणि मातीत खोल नेला.

तिने आत बोटं पसरली. मग म्हणाली, शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात आईचा हात हातात घेतला तर तो पार गार पडला होता, आणि किती चोळला तरी त्यात ऊब आली नाही. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "चल, हात धू, चहा टाकतो." पण ती काही केल्या हात बाहेर काढेना.