शीट सोड

गाडीला शीट मिळेना म्हणून मी समुद्रावर जायला तयार झालो. नाहीतर महाड-पाचाड रस्त्यावर जीप चालवणाऱ्या माणसाचं आणि समुद्राचं काय देणंघेणं? शीट म्हणजे आमच्या वडापच्या, माणसं भरून गाडी सोडण्याच्या धंद्यातला प्रवासी. "मागं दोन शीट बसतील," "शाळेपाशी एक शीट सोडायचं हाय," हे आमचं दिवसभराचं बोलणं. आता किल्ला बघायला येणारे स्वतःच्या गाड्या घेऊन थेट रोपवेपाशी जातात. गावातल्या पोरांनी बाइका घेतल्या. मी सकाळपासून नाक्यावर उभा राहायचो आणि रिकामी गाडी घरी आणायचो. घरात कमावणारा मी एकटा. बायको काही बोलत नव्हती, आणि तेच मला जास्त लागत होतं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अशात माझा दोस्त सुट्टीवर आला. आम्ही एकाच वाडीतले, एकाच बाकावर बसून नापास झालेले. तो मुंबईला एका शेठच्या शिडाच्या होडीवर खलाशी आहे. ती होडी गोव्याला न्यायची होती आणि एक माणूस कमी पडत होता. फेरी नीट झाली की त्या माणसाला तिथंच कायम ठेवणार होते. हे ऐकल्यावर मी लाजबीज गुंडाळून ठेवली. म्हटलं, "मला ने. काय वाट्टेल ते कर, पण मला ने."

"पोहता येतं काय तुला?" टपरीवर चहा पिता पिता त्यानं विचारलं.

"सावित्रीत म्हशीचं शेपूट धरून पोहलोय."

"समुद्रात म्हैस नाय मिळत."

"मग धरायचं काय?"

"माझं शेपूट धर," तो म्हणाला, आणि टपरीवाल्यासकट सगळे हसले.

"आणि उलटी झाली म्हंजे?" त्यानं पुढं विचारलं.

"अरे हट! वरंध घाटात ओकणाऱ्या बायांना लिंबू देणारा माणूस मी."

"मग लिंबं जास्त घे. मला पण लागतात."

मला त्या होडीचं एक कोडं काही सुटत नव्हतं. तिला इंजिन होतं, तरी ते बंद ठेवून वाऱ्यावर जायचं. म्हटलं, "उतारावर मी पण गाडी बंद करून सोडतो, तर लोक मला चिंगूस म्हणतात. तुझ्या शेठला म्हणतात शौकीन!"

पण खरी गोची पुढे होती. होडीवर शीट म्हणजे शीड नाही आणि प्रवासी तर नाहीच. शिडाला बांधलेली दोरी, तिला म्हणतात शीट. ती ओढली की शीड ताणतं, सोडली की ढिलं होतं. सरावाला त्यानं माझ्या जीपच्या टपाला शिडासारखी ताडपत्री बांधली, मला स्टेअरिंगवर बसवून दोरी हातात दिली आणि बोनेटवर चढून ओरडला, "शीट सोड!"

मी मान वळवून मागं बघितलं, कोण उतरतंय ते.

"अरे बैला, दोरी सोड, दोरी!"

पुन्हा ओरडला. या वेळी दोरी राहिली हातात आणि पाय गेला ब्रेकवर, उभ्या गाडीच्या. तो हसून हसून बोनेटवरनं घसरला. मलाही हसू येत होतं, पण इतकी वर्षं कानाला लागलेली सवय, जाईल कशी? मी नाक्यावर एकटा बसून घोकायला लागलो: शीट म्हणजे दोरी, शीट म्हणजे दोरी. लोकांना वाटलं, धंदा बुडाला तसं याचं डोकंही गेलं.

मग वाडीत त्याच्या घरासमोर गाडी उभी असताना त्यानं होडीच्या कप्तानाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. कप्तान अगदी शुद्ध पुस्तकी बोलायचे. त्यांनी चारदोन गोष्टी विचारल्या, मी नीट उत्तरं दिली. दोस्त अंगठा वर करून दाखवत होता. मग ते म्हणाले, "समजा वारा एकदम वाढला, होडी कलली, आणि मी ओरडलो, शीट सोड. तर?"

उत्तर मला येत होतं. देवाशपथ येत होतं. पण तोंडातून गेलं, "कुठं सोडू?"

दोस्त फसकन हसला. पलीकडे कप्तानही खूप हसले. मला वाटलं, चला, माणूस खूश झाला, जमलं आपलं.

"मजेशीर आहात तुम्ही," ते म्हणाले. "पण एवढं विचारेपर्यंत होडी आडवी होते हो. तुम्हाला नाही नेता येणार."

आता घरी जाऊन काय सांगू? रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो. तेवढ्यात दोस्त फोनवर म्हणाला, "साहेब, हा नाय तर मी पण नाय."

मी फोन हिसकावला. "साहेब, तो गंमत करतोय. तो येतोय, नक्की येतोय." आणि फोन बंद केला.

"तुला कोणी सांगितलं होतं?" तो उसळला.

"मग काय दोघांनी मिळून उपाशी बसायचं? तुझ्या म्हाताऱ्या आईबापाचं औषधपाणी कोण बघणार, मी? माझी कीव करायला जातोस नि स्वतःच्या पोटावर पाय देतोस!"

तो ताडपत्रीची घडी घालत होता, उलगडून पुन्हा घालत होता.

"कीव कसली रे," तो शेवटी म्हणाला. "तिथं माझ्याशी कोणी बोलत नाय. शेठचे पाव्हणे नुसता रिकामा गिलास पुढं करतात. एकटा बसून पाण्याकडं बघितलं ना, का कायबाय मनात येतं. म्हणून म्हटलं, आपलं कोणतरी असावं."

"मग नको जाऊस," मी म्हटलं.

पण त्याच्या म्हाताऱ्यांचं दार समोरच उघडं होतं. माझ्या बोलण्यात दम नव्हता, आणि ते त्यालाही कळलं.