विलोला बांधलेले दगड

१२ जानेवारी १९२९, शनिवार. म्हसावद.
थंडी बरी आहे. सकाळी देहरादूनहून पार्सल आलं. ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या विलोच्या तीन काड्या, वीत-दीड वीत लांब, शिसपेन्सिलीएवढ्या जाड. ह्यांनी तिन्हींना पत्र्याचे तुकडे बांधले आणि त्यांवर खिळ्याने एक, दोन, तीन असे आकडे कोरले. दुपारी विहिरीच्या पाटाशी कालीबाईकडून लावून घेतल्या. तिला ताकीद दिली. जसोदाबाईने वांगी फार तिखट केली.

ताकीद काय दिली ते मी लिहिलं नाही, पण मला ती आठवते. "ह्या काड्या मेल्या तर बागेत तुझं काम नाही," असं मी म्हणाले होते.

विलोचं वेड मला पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये लागलं. शाळा सोडताना एका सिस्टरने मला एक चित्र दिलं होतं. तळ्याकाठी एक झाड, आणि त्याच्या सगळ्या फांद्या मोकळ्या सोडलेल्या केसांसारख्या खाली पाण्यापर्यंत आलेल्या. ते चित्र वर्षानुवर्षं माझ्या डायरीत खूण म्हणून असे. हे जंगलखात्यात रेंजर. त्यांचं शिक्षण देहरादूनला झालेलं, म्हणून तिथल्या एका मित्राकडून त्यांनी काड्या मागवल्या. तिकडचे माळी या झाडाला मजनू म्हणतात, असं ते हसून सांगत. मी कालीबाईला ते चित्र दाखवलं. तिने ते हातात घेतलं नाही. हात मातीचे आहेत म्हणून मागे बांधून, वाकून, बराच वेळ पाहिलं.

कालीबाई धडगावच्या पलीकडची, डोंगरातली. वय तिलाही माहीत नव्हतं. चाळिशीची असावी. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा वण होता. तो कशाचा हे घरात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. तिच्या दिराचं मूल तापाने गेलं, गावच्या बडव्याने, म्हणजे भगताने, हिचं नाव घेतलं, ही डाकीण आहे असं ठरलं आणि हातावर डाग देऊन तिला हाकलून दिलं. हे फिरतीवर असताना ती त्यांना घाटात लाकूडतोड्यांच्या झोपडीत सापडली. त्यांनी तिला आणलं आणि बंगल्यामागची खोली दिली. तिला परतीचा रस्ता नव्हता. हे मला माहीत असून मी ती ताकीद दिली होती.

एप्रिल-मे मी पुण्याला भावाकडे होते. अकरा जूनला परतले आणि सामान उतरवायच्या आधी विहिरीकडे गेले. तीनपैकी एकच झाड उभं होतं, पण कसं? अंगठ्याएवढं जाड, कमरेइतकं उंच, हिरवंगार. मी डायरी आणून पाहिली. पेन्सिलीएवढी काडी दोन महिन्यांत, तेही खानदेशच्या उन्हाळ्यात, अंगठ्याएवढी होत नाही.

"पत्र्याचा आकडा कुठं गेला?" मी विचारलं.

"पडना," कालीबाई म्हणाली. बाजाराची अहिराणी ती शिकली होती, पण शब्द मोजून वापरायची.

"आणि बाकीच्या दोन?"

"वाळन्या."

"वाळक्या काड्या कुठं आहेत?"

ती पाटातलं पाणी वळवू लागली.

संध्याकाळी जसोदाबाई, आमची स्वयंपाकीण, भाकरी थापता थापता म्हणाली, "बाईसाहेब, वैशाखमा ती चार दिन नव्हती. माले सांगं ताप शे. ताप व्हता तर खोलीले कुलूप कसाले?"

त्या दिवसापासून माझं मन एकाच जागी घुटमळू लागलं. फेब्रुवारीत कळसाडीचे मोतीलालभाई ह्यांना भेटायला आले होते. सधन गुजर शेतकरी, केळी आणि कापूस यांत गढलेला माणूस. त्यांनी काड्या पाहिल्या आणि एक आपल्या विहिरीसाठी मागितली. मी नाही म्हणाले. कालीबाई तेव्हा तिथेच खुरपत होती. माझं विलो कळसाडीला पोचलं आणि त्याच्या जागी कुठलंसं रानातलं झुडूप आलं, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

जुलैत लोणच्याच्या कैऱ्यांचं निमित्त काढून मी छकड्यातून कळसाडीला गेले. मोतीलालभाईंच्या घरच्यांनी चहा केला, केळी कापडात बांधून दिली. मी विहिरीकडे गेले, विहिरीमागे गेले, गोठ्याच्या कडेलाही डोकावले. मोगरा होता, लिंबू होता. त्यांच्या पत्नी पाठोपाठ येऊन हळूच म्हणाल्या, "बेन, काही हरवलं आहे का?" मी कानातली कुडी चाचपली आणि सापडली म्हणाले.

तिथे काही मिळालं नाही म्हणून माझा संशय कमी झाला नाही. उलट वाढला. साखरेच्या डब्यालाही मी कुलूप घातलं. मी दर शनिवारी फितीने झाड मोजू लागले. पानं पाहू लागले. चित्रातल्या पानांहून ही रुंद होती, खालून पांढुरकी. आणि फांद्या सरळ वर जात होत्या. त्यांत केस मोकळे सोडल्यासारखं काही नव्हतं. मला फीत घेऊन येताना पाहिलं की कालीबाई बागेच्या दुसऱ्या टोकाला, पडवळाच्या मांडवाखाली जाई.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ह्यांना ताप भरला. थंडी वाजून ताप, कोयनेल चालू केलं. बुधवारी सकाळी जसोदाबाई मला न बोलता, हाताने खुणावत बागेत घेऊन गेली.

झाडाच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला एकेक दगड बांधलेला होता. सुपारीएवढे, लिंबाएवढे. बांधायला निळ्या चिंध्या. त्या माझ्या जुन्या लुगड्याच्या होत्या. पुसायला म्हणून मीच ते फाडून दिलं होतं.

"तुमना लुगडान्या चिंध्या शेतस," जसोदाबाई म्हणाली. "सायेबले ताप उना, अन् आठे दगड लटकनात. मी काई म्हनत नही. पन गावमाईन तिले कसाले काढं ते तुमले ठाऊक शे का? माले बाजारमा समदं समजनं."

"कुणाशी बोललीस?"

"आजून कोनाशी नही. मन्हा भाऊले मातर सांगनं पडी. त्याना घरमा धाकला पोऱ्या शे."

तिच्या भावाला कळलं की गावाला कळणार, आणि मग कालीबाईला बंगल्यामागची खोलीही उरणार नव्हती. लोक खोलीवरच थांबले नसते, तिच्या अंगावरही गेले असते. मी जसोदाबाईला म्हणाले, "शनिवारपर्यंत थांब. मी पाहते." मी नन्सच्या हाताखाली शिकलेली. तरी आत जाऊन ह्यांच्या कपाळाला हात लावला आणि उशीखाली काही ठेवलं आहे का ते पाहिलं.

काही नव्हतं. मग गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी मी न्हाणीघराच्या खिडकीतून पाळत ठेवली.

गुरुवारी ती नुसतं पाणी घालून गेली. शुक्रवारी ती आधी पडवळाच्या मांडवाकडे गेली. कोवळी पडवळं वाकडी होऊ नयेत, सरळ खाली लांबावीत म्हणून टोकाला दगड बांधतात. आमच्याकडेही नेहमी बांधत. तिने ओच्यातून दगड काढले, दोन पडवळांना बांधले. उरलेला एक घेऊन ती विहिरीकडे आली. झाडाची एक नवी फांदी हातात घेतली, टोकाशी चिंधी गुंडाळली, दगड बांधला, फांदी अलगद सोडली. ती खाली आली. कालीबाई चार पावलं मागे सरली आणि वाकून पाहू लागली. हात मागे बांधलेले. चित्र पाहताना उभी होती अगदी तशी.

मी चपला न घालता बाहेर गेले.

"हे विलो नाही," मी म्हणाले.

"नही."

"मग काय आहे?"

"वाळुंज. मन्हा गावना नालावर शे."

"तुझ्या गावचा? तू तिथे गेलीस?"

"काड्या चैतमा वाळन्या. पानी सकाळ-संध्याकाळ दिधं, तरी वाळन्या. तशाच पानना झाड माले तोच एक ठाऊक." ती थांबली. "दुपारले गयी. दुपारले नालावर कोनी ऱ्हात नही."

"कुणी पाहिलं असतं तर?"

तिने खांदे उडवले. "तुम्ही कागदवर दावं, फांद्या खाले. याच्या वर जातस. मंग दगड बांधं."

मोतीलालभाई अजून माझ्या डोक्यातून गेले नव्हते. "वाळक्या काड्या कुठं टाकल्यास?" मी पुन्हा तेच विचारलं.

ती खोलीत गेली आणि छपराच्या वाशात खोचलेलं पुडकं घेऊन आली. देहरादूनचं तेच शेवाळ, आता सुकून भुसा झालेलं. त्यात तीन काळ्या पडलेल्या काड्या. तिन्हींना पत्र्याचे तुकडे अजून बांधलेले होते.

"विचारलं तेव्हा का नाही दाखवल्यास?"

"दावल्या असत्या तर तवाच माले काढं असतं," ती म्हणाली. "पन ठेवल्या. चोरीनं नाव आलं असतं तर मंग दावल्या असत्या. मागला येळे मन्हापाशी दावाले काई नव्हतं."

मी आकडे पाहिले. एक, दोन, तीन. ह्यांचं अक्षर ओळखलं. तरीसुद्धा आत जाऊन जानेवारीचं पान उघडून ताडून पाहिलं, हेही इथे लिहिते.

शनिवारी सकाळी मी जसोदाबाईला बागेत बोलावलं. तिच्यासमोर पाटातला एक दगड उचलला, निळी चिंधी फाडली आणि उघड्या राहिलेल्या एका फांदीला स्वतःच्या हाताने बांधला. गाठ नीट बसेना. कालीबाईने पुढे होऊन ती आवळली.

"हे मीच सांगून करून घेतलं आहे," मी जसोदाबाईला म्हणाले. "देहरादूनला असंच बांधतात. पडवळाला बांधतो तसं. भावाला सांगायचं तर हे सांग."

जसोदाबाईने माझ्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. "मंग पहिलेच सांगतात ना, बाईसाहेब," ती म्हणाली. "मन्ही तीन रात झोप गयी." तिला ते पटलं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. पण तिचा भाऊ आला नाही, आणि पुढच्या बाजारी कुणी काही बोललं नाही.

ह्यांचा ताप उतरला. आमची बदली झाली तोवर, म्हणजे आणखी पाच वर्षं, कालीबाई त्या खोलीत राहिली. पुढच्या रेंजरसाहेबांनीही तिला ठेवून घेतलं. वाळुंज खूप उंच झाला आणि दगड सोडल्यावर पुन्हा सरळ वर गेला. साखरेच्या डब्याचं कुलूप मात्र मी शेवटपर्यंत काढलं नाही.

माझ्या डायरीत मी खोटं कधी लिहिलं नव्हतं. म्हणून त्या दिवशी बागेत काय बोलले ते लिहिलंच नाही. पान उघडलं की एवढंच आहे:

२४ ऑगस्ट, शनिवार. पाऊस नाही. संध्याकाळी पडवळाची भाजी केली, हरभऱ्याची डाळ घालून. पडवळं सरळ निघाली, चिरायला सोपी.