चाकामागची वीट

माझे मामा ब्रेकचे मेकॅनिक. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांखाली काढली आणि लोक ऐकत नाहीत म्हणून चाळीस वर्षं चिडचिड केली. "अहो, ब्रेक ज्या दोन पिनांवर सरकतो त्या वर्षातून एकदा काढा, पुसा, नवं ग्रीस लावा. अर्ध्या तासाचं काम!" लोक माना डोलवायचे आणि चाक जाम झालं की रडत यायचे. मामा आधी पोटभर बोलून घेत, मग पाना उचलत.

त्यांची स्वतःची जुनी निळी गाडी मामीच्या डोळ्यांत सलायची. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढायचा नाही, ओल धरून तो चिकटतो, हा मामांचा नियम. म्हणून गाडी गिअरमध्ये आणि चाकामागे वीट. त्या विटेला ठेचकाळून मामीचा अंगठा दोनदा सुजला होता.

मामा गुडघ्याच्या ऑपरेशनला निघाले तेव्हा मामीने बजावलं, "बरे होऊन याल तेव्हा हे धूड हललं नाही, तर थेट भंगारात!" मामा नुसते हसले.

त्यांना हॉस्पिटलात सोडून गाडी मी परत आणली. शहाणपणा करून ती धुतली, सवयीने हँडब्रेक करकचून ओढला आणि नोकरीच्या गावी निघून गेलो. आठवड्याने हॉस्पिटलातून मामांचा फोन. "वीट लावलीस ना?" तेव्हा कुठे मला तो ओढलेला हँडब्रेक आठवला. "हो तर!" म्हणालो. इतकं धडधडीत खोटं मी शाळेतही बोललो नव्हतो.

दोन महिन्यांनी मी भेटायला आलो तेव्हा मामा काठी टेकत गाडीत बसले आणि मला म्हणाले, "चालव." मी घाईने आत डोकावलो. पाहतो तर हँडब्रेक खाली, चाकामागे वीट. वीट काढली, गाडी सुरू केली आणि ती आवाज न करता सरकली.

"बघतोस काय?" मामी दारातून म्हणाली. "तू गेलास त्याच संध्याकाळी सोडला मी तो ब्रेक. दर रविवारी, हे दुपारी झोपलेले असले तरी, गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणतेय."

मामांचे डोळे भरून आले. काही बोलणार, तोच मामी त्यांच्याकडे वळली. "आणि तुम्ही हो? डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि तुम्ही खुर्चीला चिकटून. तो गुडघा जाम झाला तर मी कुठलं ग्रीस लावू? उतरा खाली!"

मामा मुकाट्याने उतरले आणि काठी टेकत गल्लीच्या टोकाकडे चालू लागले.