गच्च बसलेला फिल्टर

वाटण्या झाल्या तेव्हा घरची जुनी जीप माझ्या वाट्याला आली आणि पान्यांची पेटी थोरल्या दादाच्या. पंचांना यात काही वावगं वाटलं नाही. पाहुणे जमले की मी हा किस्सा साभिनय सांगतो, प्रसंगी जमिनीवर आडवा होऊन. लोक पोट धरून हसतात. शेवट मात्र गिळून टाकतो.

वाटण्यांनंतर विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचं वाजलं आणि अबोला पडला. घरं एकाच अंगणात, मधे कमरेएवढी नवी भिंत. जीपचं ऑईल तोवर दादाच बदलायचा. माझ्यावर पहिल्यांदा वेळ आली, तेव्हा मंचरच्या गॅरेजात जायचं सोडून मी अंगणातच गाडीखाली शिरलो. भिंतीपलीकडे दादा बसला होता ना! माझंही काही अडत नाही, हे त्याला दिसायला नको?

ऑईल सुरळीत उतरलं. ऑईलचा फिल्टर ढिम्म. हाताने पिळला, पॉलिश पेपर गुंडाळून पिळला, मग लग्नातला कमरेचा पट्टा आवळून ओढला. पट्टा तुटला. शेवटी मोठा स्क्रूड्रायव्हर ठोकून फिल्टरच्या आरपार घातला आणि दिला हिसका. पत्रा टरकला, काळं ऑईल माझ्या तोंडावर आलं, फिल्टर जागच्या जागी.

भिंतीवर दादाचं डोकं उगवलं. पायरीवर आई पावट्याच्या शेंगा सोलत होती. तो तिच्याशी बोलला.

"आये, ईचार त्याला, फिल्टर सोडवतोय का कोंबडं कापतोय?"

मी गाडीखालून म्हणालो, "आई, सांग त्याला, ज्यानं आवळला त्याला रेड्याचं बळ व्हतं."

"मी काय टपालवाली हाय का रं?" आई शेंगा आपटत म्हणाली. "चार हातांवर हायेत दोघं. तोंडं झिजत्यात का तुमची?"

दादा भिंत ओलांडून आला. हातात त्याने स्वतः बनवलेला पाना होता, सायकलची जुनी चेन लोखंडी दांड्याला जोडलेली. माझ्या शेजारी गाडीखाली आडवा झाला. खांद्याला खांदा लागला, पण नजर दोघांचीही फिल्टरवर. त्याने फाटक्या पत्र्याच्या वर, बुडाजवळच्या जाड कडेला चेन गुंडाळली, मला दांड्याचं टोक दाखवलं. दोघांनी मिळून ओढलं. करकर आवाज झाला आणि फिल्टर सुटला.

दादा उठला नाही. गाडीच्या पोटाकडे बघत म्हणाला, "आये, सांग त्याला, नवा बसवताना रबराला ऑईल लाव आणि नुसत्या हातानं आवळ. मी मागल्या खेपेला पान्यानं आवळला. वाटणीचं चाललं व्हतं. गाडी जाणार म्हणून लई राग व्हता हातात."

आईच्या शेंगा थांबल्या. आता बोलायची पाळी माझी होती, हे मला कळलं होतं. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"आई, ईचार त्याला, राग हातात व्हता, तर डोक्यात काय व्हतं? भुस्सा?"

मी सवयीने बोललो. आईसुद्धा फस्सकन हसली. दादाही हसेल असं वाटलं, पण त्याने चेन दांड्याला गुंडाळली आणि भिंत ओलांडून गेला.

नवा फिल्टर मी त्याने सांगितल्याप्रमाणेच बसवला. रबराला ऑईल, नुसता हात.

पुन्हा ऑईल बदलायची वेळ आली. या खेपेला दादाच्या त्या रागाच्या बोलण्याला उत्तर तयार ठेवलं होतं, विनोदाशिवायचं. गाडीखाली गेलो, फिल्टरला हात लावला आणि तो गुमान फिरला, बरणीच्या झाकणासारखा. काढून छातीवर घेतला. मग काय, दादा यावा म्हणून मी नाटक केलं. हातोडीने चासीस बडवली, कण्हलो, "सुटत न्हाई राव!" म्हणून बोंबललो.

भिंतीपलीकडे पेटी उघडल्याचा आवाज आला. दादा आला. हातात चेनचा पाना. गाडीजवळ थांबून त्याने पायरीकडे पाहिलं. पायरी रिकामी होती. आई लोणी गावाला तिच्या बहिणीकडे गेली होती, आणि हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्याने दाराकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं. मग वाकून गाडीखाली पाहिलं. माझ्या छातीवर सुटलेला फिल्टर होता.

तयार ठेवलेलं उत्तर "आई, सांग त्याला" असं सुरू होत होतं. दुसरी सुरुवात मला येत नव्हती. मी, ज्याच्या तोंडाला गावात कुणी पुरं पडत नाही, तोंड उघडून तसाच पडलो होतो.

दादा थोडा वेळ वाकून राहिला. बोलेल, असं मला वाटलं. बहुतेक त्यालाही माझ्याविषयी तसंच वाटत असावं. मग त्याचे पाय भिंतीकडे गेले.

नवा फिल्टर मी हातानेच आवळला.