खिलारेमामांचा सकाळचा ‘आ’

जेवणानंतर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत सतरंजी टाकून वीस मिनिटं पडायची माझी जुनी सवय. भिंतींना जाड फोम आहे, दार लावलं की बाहेरचं जग बंद. मग फक्त स्वतःच्या कानातली ठोके देणारी शीर ऐकू येते, आणि तीही ऐकू येईनाशी झाली की समजावं, डोळा लागला. आज ती थांबायचं नाव घेत नाही. चार वाजता संगणक विभागाचे पानसरे डिस्क मोकळी करणार आहेत. ‘चाचणी’ नावाचं फोल्डर ठेवायचं की पुसायचं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

दार उघडतं आणि खिलारेमामा आत येतात. आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. त्यांना जाऊन अकरा महिने झाले, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी घड्याळ बघते आणि उशीर केला म्हणून थोडी चिडतेही.

“म्याडम, लेवल बगायची न्हवं?”

आवाज पहिल्या वर्षीचा आहे, भरीव, जराही न थरथरणारा. स्वप्नातसुद्धा मी आधी आवाज बघते, मग माणूस.

रोज सकाळी माइक तपासायला कुणीतरी ‘आ’ म्हणावं लागतं. सहा वर्षं तो मामांनी म्हटला, एका दमात, श्वास संपेपर्यंत. मी पडद्यावरचा काटा बघायची आणि उगाच बोटांच्या पेरांवर सेकंद मोजायची. लिहून कधी ठेवले नाहीत. प्रत्येक ‘आ’ आपोआप ‘चाचणी’ फोल्डरमध्ये साठायचा. काटा हिरव्या पट्ट्यात आला की माइक ठीक, लागा कामाला. काम कसलं, तर आवाज ऐकून घशाचा आजार लवकर ओळखणारं यंत्र तयार करायचं. आणि मामा गेले ते घशाच्या कॅन्सरने. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

मामा माइकपुढे बसतात. खुर्चीच्या जागी दवाखान्याचं बाकडं आहे. शेजारी केसपेपर धरून माणसं ओळीने बसलीत, भिंतींना मात्र आमचाच फोम.

“थोडं जवळ या, मामा,” मी म्हणते.

ते हसतात. “ह्येच म्हनायच्या तुमी. दर दोन म्हैन्यानं. आन् म्या सरकायचो.”

खरं आहे. आवाज बसत गेला तसे ते माइकजवळ येत गेले, म्हणून काटा हिरव्यातच राहिला. मीच त्यांना सरकवत होते. शेवटी शेवटी त्यांच्या मिशा माइकच्या जाळीला लागायच्या, आणि मी त्यावर विनोद केला होता.

“तुमास्नी कळलं हुतं का?”

“नाही, मामा. मी काटा बघत होते.” मला फार लाज वाटते. “मी वेळेत ऐकलं असतं तर?”

“त्ये डाक्टरास्नी इचारा. म्या काय सांगू?”

बाकड्यापुढे आता त्यांच्या घरचा ओटा आहे. त्यांची बायको, आमच्या काकू, पाठमोऱ्या उभ्या राहून चहा गाळताहेत. ऑपरेशननंतर मामांचा आवाज गेला, तेव्हा ते काकूंना वाटी वाजवून हाक मारायचे. ती वाटी त्यांच्या हातात आहे, पण ते बोलताहेत.

“आज पुसनार म्हनं?”

“डिस्क भरली आहे.”

“त्ये पानसरे म्हनत्यात. तुमी काय म्हनताय?”

“ठेवलं तर ऐकावं लागेल, मामा. सगळे ‘आ’, पहिल्यापासून. आणि लिहावं लागेल की रोज समोर मी बसले होते.”

“मंग ल्हिवा की. त्ये यंत्र तरी शिकंल.” ते वाटी खाली ठेवतात. “चला, आजचा ‘आ’ ऱ्हायलाय.”

“थोडं मागे सरा, मामा.”

ते मागे सरतात. काटा खाली पडतो. मी डोळे मिटून घेते. चौथ्या पेराला आवाज फाटतो. सातव्याला नुसती हवा येऊ लागते. काकूंचं गाळणं थांबतं. मग काहीच ऐकू येत नाही.

फोम. तीन वाजून चाळीस मिनिटं. माझा अंगठा मधल्या बोटाच्या टोकाशी रुतून बसलाय. करंगळीच्या तळापासून मोजलं तर ते नववं पेर. तिथे नखाचा लाल वण उठलाय.

मी उठून संगणकावर ‘चाचणी’ उघडते. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच. पहिली फाइल बावीस सेकंदांची आहे. मामांची शेवटची नऊ.

म्हणजे त्या शेवटच्या सकाळीही मी मोजलं होतं. बोटांना माहीत होतं.

पानसऱ्यांना फोन करून सांगते, पुसू नका. मग पडद्यावरच्या काट्यावर एक कागद चिकटवते, हेडफोन लावते आणि पहिल्या दिवसापासून सुरू करते. वण अजून दुखतोय.