वॉचमनला सांगण्यापुरता भाचा

"अहो, भाचा कसला! वॉचमनला सांगण्यापुरता. आमच्यात नाही तो."

मामी हे हसत बोलल्या. दुबईत, करामा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, शुक्रवारी संध्याकाळी, पाहुण्यांसमोर. मी तिथेच बसलो होतो.

विचारलं होतं अबुधाबीहून आलेल्या एका बाईंनी. त्यांची पुतणी लग्नाची होती. "तुमचा भाचा सिव्हिल इंजिनियर ना? स्थळं बघताय का?" एवढंच. मामींना घाई झाली. "आमच्यात नाही" म्हटल्यावर कोणाला आणखी काही विचारावं लागलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान टीव्हीकडे वळवली.

टीव्हीवर मालिका चालू होती. एका ड्रायव्हरची तीन मुलं चांगल्या आयुष्यासाठी शहरात धडपडतात, अशी गोष्ट. त्या दिवशीच्या भागात थोरल्याचं ठरलेलं लग्न मुलीच्या बापाने मोडलं. मुलगा बरोबरीचा नाही म्हणून. खोलीतल्या बायका डोळे पुसत होत्या.

"काय माणसं असतात एकेक," मामी म्हणाल्या.

मी त्यांचा पेइंग गेस्ट. इमारत फक्त कुटुंबांसाठी होती. एकट्या पुरुषांना बंदी. भाडं एकट्या कुटुंबाला झेपत नसे, म्हणून घरोघरी असे भाचे, पुतणे, मेहुणे राहत. मामा-मामी म्हणायचं, हा त्यातला करार. मी वर्षभर म्हटलं. पुढे ते तोंडात बसलं. आवडायलाही लागलं. त्यांची मुलगी माझ्याकडे गणित शिकायची, मला दादा म्हणायची. मी बौद्ध आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यावर कधी कोणी बोललं नाही. तो मला त्यांचा मोठेपणा वाटला.

तेव्हा मंदीमुळे दुबईतल्या क्रेन थांबल्या होत्या. आमची कंपनी बंद पडली, माझा व्हिसा कॅन्सल झाला. मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही तर देश सोडायचा. डोक्यावर हे छप्पर होतं म्हणून इंटरव्ह्यू देता येत होते. म्हणून त्या संध्याकाळी मी गप्प बसलो.

"चहा टाक रे जरा, तुझा फक्कड होतो," मामा म्हणाले.

मी टाकला. सगळ्यांनी घेतला, अबुधाबीच्या बाईंनीही. हल्ली चहाला कोणी नाही म्हणत नाही. स्थळाला म्हणतात.

त्याच आठवड्यात इमारतीच्या मालकाच्या ऑफिसचा माणूस वॉचमनला घेऊन दारात आला. प्रत्येक फ्लॅटची तपासणी चालू होती. त्याने माझ्याकडे बोट केलं.

"ये कौन है?"

"सिस्टर का बेटा." मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फॅमिली है, भाई, फॅमिली."

मी तो हात काढला.

"नहीं. मैं किराएदार हूँ. इनके घर का नहीं हूँ."

 मुलगी म्हणाली, "बट पप्पा, यू सेड ही इज अवर दादा." मामींनी तिला आत ओढलं.

"खलास," ऑफिसचा माणूस म्हणाला. "आज ये जाएगा, नहीं तो आप सब."

दार लागलं आणि मामा फुटले. "घरच्यासारखं ठेवलं तुला! हे पांग फेडलेस?"

"घरचा आहे हे शुक्रवारी सांगायचं होतं."

"अरे, तो लग्नाचा विषय होता! ते वेगळं."

"हो. तेवढंच वेगळं," मी म्हणालो, आणि बॅग भरायला घेतली.

पुढचे दिवस शारजात काढले, सहा जणांच्या खोलीत. नोकरी मुदतीत मिळाली नाही. परत यावं लागलं. त्या दारात मी मान हलवली असती तर कदाचित मिळाली असती. हे मला माहीत आहे. तरी मान हलवली नाही याचं दुःख नाही.

काही वर्षांनी पुन्हा गेलो. शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये काम मिळालं, खोली शोधणं आलं. मराठी ऐकून लोक आपुलकीने जवळ घेतात. मी आधी आडनाव सांगतो, मग जात सांगतो, भाडं शेवटी विचारतो. समोरचा चेहरा बदलला तर उठतो. कुणाच्या सोयीचा नातेवाईक मी होणार नाही. गाडीत झोपावं लागलं तरी नाही.