पपांची शेवटची आढी

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पपांच्या पलंगाखाली पुठ्ठ्याचा खोका होता आणि त्यात नऊ आंबे. परदेशात, वाळवंटातल्या बेर्शेबा शहरातल्या फ्लॅटमध्ये पेंढा कुठून आणणार, म्हणून वर्तमानपत्रं आणि जुनी घोंगडी. कोकणात पोरवयापासून आढ्या लावलेला माणूस; इथे येऊनही त्यांचा अंदाज कधी एका दिवसाने चुकला नव्हता. पोटाचा कॅन्सर होता, डॉक्टरांनी फार तर दोन आठवडे सांगितले होते. पपा म्हणाले, "बाय, मला आता दुसरं काय नको. माझ्या आढीतला एक आंबा खाऊ दे."

आंबे मीच आणले, प्रयोगशाळेतून. उरलेली फळं घरी न्यायची मुभा होती. काढलेलं फळ स्वतःच एथिलीन नावाचा वायू सोडतं. त्याची वर्दी पोचली की पिकवणारी जनुकं जागी होतात, मग रंग, गोडी, वास. कुठलं जनुक कधी जागं झालं, ते मी मोजायचे. निम्म्या फळांना आम्ही ही वर्दीच अडवणारा दुसरा वायू द्यायचो, म्हणजे ती बरेच दिवस कडक राहत. पपा चिडवायचे, "एवढ्या मशिनी कशाला गो? देठाशी नाक लाव!"

पाचव्या दिवशी त्यांनी हात खाली सोडून आंबे चाचपले. दगड. सातव्या दिवशीही दगडच. मी प्रयोगशाळेत जाऊन पेट्यांवरच्या चिठ्ठ्या बघितल्या. घाईत मी तो अडवणारा वायू दिलेल्या पेटीतले आंबे उचलले होते.

सांगायचंच, असं ठरवून घरी आले. पपा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"माझा हात गेला, बाय," ते म्हणाले. "साधी आढी जमली नाय."

दुसऱ्यांच्या चुकांवर तोंडसुख घेणारी मी. मला भयंकर लाज वाटली. मी म्हणाले, "होतं असं कधीकधी."

आईने बाजारातून पिकलेला आंबा आणून फोड त्यांच्या तोंडाशी धरली. त्यांनी मान फिरवली.

तीन दिवसांनी ते गेले. आम्हा ज्यूंच्या दुखवट्याच्या सात दिवसांतल्या सहाव्या दिवशी खोलीभर वास सुटला. आईने खोका ओढला. नऊच्या नऊ आंबे पिकले होते, एकालाही डाग नव्हता. समाचाराला आलेली शेजारीण म्हणाली, "काय हात होता हो त्यांचा!" आई रडू लागली.

मला एक फोड दिली. गोड होती. पपांचा हात गेलेला नव्हता, आणि हे त्यांना सांगायला माझ्याकडे पुरते तीन दिवस होते.